सावद्याच्या दिवाणखान्यातलं जुनं फर्निचर लिलावात द्यायचं असेल तर

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: सावद्याजवळ आमचं जुनं घर आहे. आबांचा, म्हणजे आजोबांचा, कापसाचा व्यापार आणि जिनिंग होतं. त्यांनी मुंबईहून आणवलेला गोलसर हातांचा सोफा, तशाच दोन खुर्च्या, मधलं टेबल आणि काचेचं कपाट अजून दिवाणखान्यात आहे. १९३६ च्या काँग्रेसच्या फैजपूर अधिवेशनाला आलेले पंडित नेहरू यातल्याच एका खुर्चीत बसले होते, असं घरात लहानपणापासून ऐकलंय. आबांच्या हिशेबाच्या चोपडीत संवत १९९४ च्या पानावर ‘मुंबई फर्निचर’ अशी नोंद सापडली. शिवाय चंदीगडला विद्यापीठात प्राध्यापक असलेल्या काकांनी आणलेल्या वेताच्या दोन खुर्च्या आणि ओसरीवरची बंगई, म्हणजे झोपाळा, आहे. एक व्यापारी सगळं मिळून पंचेचाळीस हजारांना मागतोय. मुंबईच्या लिलावात द्यावं का? भाऊ म्हणतो, आधी पॉलिश आणि नवं रेक्झिन करून घेऊ. आत्या भुसावळला असतात, वय ८९.

ताई, पहिलं सांगणं तुमच्या भावाला. पॉलिशवाल्याला बोलावलं असेल तर आजच फोन करून थांबवा. रेक्झिनवाल्यालाही. व्यापाऱ्याला ‘घरात विचारून सांगतो’ एवढंच म्हणा. बाकी सगळं सावकाश करता येईल, पण घासलेलं लाकूड परत येत नाही.

हे मी एका चुकीच्या आठवणीतून सांगतोय. जळगावात जुनं फर्निचर दुरुस्त करायचं आणि त्याची पारख करायची, हे काम मी चौतीस वर्षं करतोय. त्याआधी सहा वर्षं मुंबईत, जोगेश्वरीच्या ओशिवरा बाजारात हात घासले. परत आलो तेव्हा पहिल्याच वर्षी भुसावळहून एक लिहिण्याचं टेबल आलं. साग पक्का, खण जड, खालून कळकट. मी मन लावून काम केलं. खणांच्या तळाला पांढऱ्या रंगातली काही अक्षरं होती, तीही रंध्याखाली काढून टाकली, कारण मला ती घाण वाटली. टेबल न्यायला आलेले गृहस्थ खाली वाकून बघायला लागले आणि गप्प झाले. त्यांचे आजोबा रेल्वेत गार्ड होते, टेबल रेल्वेच्या भंगार विक्रीतून घेतलेलं होतं, आणि ती अक्षरं ‘जी. आय. पी.’ होती. जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, ५ नोव्हेंबर १९५१ ला मध्य रेल्वेत विलीन झाली, म्हणजे ते टेबल त्याआधीचं, हे त्या तीन अक्षरांनी कुणालाही पटलं असतं. आजोबांच्या नोकरीचा त्या टेबलाशी असलेला संबंधही तिथेच लिहिलेला होता. मी तो पुसला. ते गृहस्थ मला काही बोलले नाहीत, पैसेही पूर्ण दिले. तेव्हापासून माझ्या कारखान्यात वस्तू आली की आधी ती गोधडीवर उलटी होते, तिचे फोटो निघतात, आणि मगच कुणाच्या हातात काचकागद जातो.

आता नेहरूंच्या खुर्चीबद्दल. तुमच्या पत्रातला सगळ्यात नाजूक भाग हाच आहे, म्हणून यावर जरा थांबतो.

फैजपूरचं अधिवेशन डिसेंबर १९३६ च्या अखेरीस झालं. नेहरू अध्यक्ष होते हे खरं, आणि फैजपूरहून सावदा जवळ, त्यामुळे ते तुमच्याकडे चहाला येणं अशक्य मुळीच नाही. पण तुम्हीच पाठवलेली चोपडीची नोंद संवत १९९४ ची आहे. आपल्याकडच्या व्यापारी चोपड्या दिवाळीच्या पाडव्याला बदलतात आणि त्यांचा संवत कार्तिकात सुरू होतो. कार्तिकी संवत १९९४ सुरू झाला १९३७ च्या दिवाळीला. म्हणजे हा सोफा आणि खुर्च्या घरात आल्या त्या अधिवेशन होऊन निदान दहा-अकरा महिने उलटल्यावर. त्या नोंदीतलं ‘मुंबई फर्निचर’ म्हणजे हाच सेट असेल, तर १९३६ च्या डिसेंबरात त्या खुर्चीत कुणीच बसलेलं असू शकत नाही.

यावरून घरातली माणसं खोटं बोलत होती असं मनात आणू नका. अशा आठवणी फार वेळा मी पाहिल्यात. माणूस खरा असतो, प्रसंग खरा असतो, खुर्ची बदललेली असते. जुनी खुर्ची मोडते, नवी त्याच जागी येते, आणि ‘या जागी बसले होते’ याचं एका पिढीत ‘या खुर्चीत बसले होते’ होतं. कदाचित नेहरू नंतर केव्हातरी येऊन गेले असतील. कदाचित अधिवेशनाला आलेले दुसरे कुणी पुढारी असतील. कदाचित ती नोंद फक्त कपाटाची असेल आणि खुर्च्या आधीच्या. हे सगळं तपासता येतं. चोपडी चाळताना फक्त ‘फर्निचर’ शब्द शोधू नका. रेल्वेचं भाडं, हमाली, बैलगाडीचं भाडं, सुताराची मजुरी अशा नोंदी बघा. सावदा स्टेशन तेव्हाही भुसावळ-खंडवा मार्गावर होतं, मुंबईचा माल तिथेच उतरला असणार, आणि तिथून घरापर्यंत गाडीभाडं कुणाला तरी दिलं गेलं असणार. संवत १९९३ ची चोपडी, म्हणजे १९३६ च्या दिवाळीपासूनची, मिळाली तर ती जिवापाड जपा, कारण अधिवेशन त्या वहीत येतं. चहापाण्याचा, मोटारीचा, निधीचा काही खर्च त्या आठवड्यात पडलाय का? पानं मोडी लिपीत असतील आणि घरात वाचणारं कुणी नसेल तर धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळात जाऊन विचारा. जुन्या कागदांमध्येच आयुष्य घालवणारी माणसं त्या वास्तूच्या आसपास भेटतात.

आणि हे जमेपर्यंत लिलावाच्या अर्जात नेहरूंचं नाव लिहू नका. ‘घरात असं सांगतात’ एवढंही नको. लिलाववाल्यांकडे माणसं असतात, ती पहिल्याच दिवशी अधिवेशनाची तारीख आणि तुमच्या नोंदीची तारीख शेजारी ठेवतील. एक गोष्ट फसली की उरलेल्या खऱ्या गोष्टींवरचा विश्वासही जातो, आणि तुमच्याजवळ खऱ्या गोष्टी भरपूर आहेत.

तारखा जुळल्या की काय होतं, तेही सांगतो. २०२० मध्ये इंग्लंडात ब्रिस्टलच्या एका लिलावगृहाच्या पत्रपेटीत कुणीतरी साध्या पाकिटात एक चष्मा टाकून गेलं. गांधीजींचा, असं म्हणणं. कुटुंबाची गोष्ट अशी की त्यांचे एक काका दक्षिण आफ्रिकेत नोकरीला होते, तिथे गांधीजींनी तो दिला. लिलाववाल्यांनी काकांच्या नोकरीचा काळ तपासला, चष्म्याची घडण तपासली, सगळं एकमेकांत बसलं. पंधरा हजार पौंडांचा अंदाज होता, गेला दोन लाख साठ हजारांना.

दुसरं उदाहरण खुर्चीचंच. हॅरी पॉटरची लेखिका जे. के. रोलिंग हिला हलाखीच्या दिवसांत कुणीतरी चार बेजोड जुन्या खुर्च्या फुकट दिल्या. त्यातल्या एकीत बसून तिने पहिली दोन पुस्तकं लिहिली. १९३० च्या दशकातली ओकची अगदी साधी खुर्ची. पुढे तिने स्वतः ती रंगवली, त्यावर अक्षरं लिहिली, आणि २००२ मध्ये एका बालकल्याण संस्थेच्या मदतीसाठी लिलावात दिली, सोबत सहीचं पत्र. तेव्हा आले पंधरा हजार पौंड. २०१६ मध्ये न्यूयॉर्कला तीच खुर्ची ३ लाख ९४ हजार डॉलरला गेली. लाकडाची किंमत त्यात काहीच नाही. सगळी किंमत त्या पत्राची आणि रंगवलेल्या अक्षरांची, कारण ‘ती खुर्ची’ म्हणजे ‘हीच खुर्ची’ हे त्यांनी बांधून ठेवलं होतं. कुणी हौसेने ती घासून पुन्हा सुंदर पॉलिश केली असती तर आज ती पुन्हा फुकट देण्याच्या लायकीची झाली असती.

आता तुमच्या आबांकडे येऊ. आबा प्रसिद्ध नव्हते. त्यांच्या नावाने बोली दुप्पट होणार नाही, हे मी तुम्हाला स्पष्ट सांगितलं पाहिजे. पण एका कुटुंबाने एका सालात एका दुकानातून घेतलेला सेट, त्यानंतर तो त्या घराबाहेर कधी गेला नाही, आणि हे वहीत लिहिलेलं आहे, याला बाजारात फार मान आहे. या काळातलं मुंबईचं फर्निचर आज मोठ्या प्रमाणात नक्कल होऊन विकलं जातं. जुन्या सागाच्या तुळया कापून गोल हातांचे सोफे होतात, त्यांना चहाच्या पाण्याचा आणि धुळीचा रंग दिला जातो. घेणाऱ्याच्या मनातली भीती हीच असते. तुमची चोपडी ती भीती काढते. प्रसिद्ध माणसाच्या नावाला हौसेचे पैसे मिळतात, तुमच्यासारख्या घराला खात्रीचे मिळतात, आणि ते काही थोडे नसतात.

त्या सालाबद्दल आणखी एक. १९३० च्या दशकात मुंबईचा तोंडवळा बदलत होता. रीगल चित्रपटगृह १९३३ ला उघडलं, इरॉस १९३८ ला, मरीन ड्राइव्हवर आणि ओव्हलच्या पश्चिमेला त्या गोलसर सज्जांच्या इमारती उठत होत्या. आर्ट डेको म्हणतात तीच शैली. त्या इमारतींना २०१८ मध्ये जागतिक वारसा म्हणून युनेस्कोची मान्यता मिळाली. त्या घरांत शोभेल असं फर्निचर मुंबईतच बनायला लागलं, आणि नोव्हेंबर १९३७ मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सने टाउन हॉलमध्ये ‘आयडियल होम’ नावाचं प्रदर्शन भरवलं. आधुनिक घर कसं असावं, ते लोकांना मांडून दाखवलं. तुमचा संवत १९९४ त्याच नोव्हेंबरात सुरू होतो. आबा ते बघायला गेले होते असं मी म्हणत नाही, तुम्हीही म्हणू नका. पण त्या कार्तिकात मुंबईच्या प्रवासाचा खर्च टाकलेला दिसला, तर मला नक्की कळवा. जिनिंगचा हंगाम तोंडावर असताना सावद्याचा व्यापारी मुंबईला जातो आणि परत येताना अख्ख्या दिवाणखान्याची ऑर्डर देऊन येतो, हे मला त्या चहापेक्षा जास्त मोलाचं वाटतं.

वस्तू कशा बघायच्या? दोघांनी धरून खुर्ची गोधडीवर उलटी करा. सीटच्या खालच्या चौकटीवर, कपाटाच्या पाठफळीवर, खणाच्या मागच्या बाजूला कागदाचं लेबल, धातूची छोटी पट्टी, शिसपेन्सिलने लिहिलेला आकडा, रेल्वे पार्सलची चिठ्ठी, यातलं काहीही असू शकतं. चिठ्ठी अर्धी सुटली असेल तर ती चिकटवू नका, ओढूही नका. दिवसाच्या उजेडात फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवून. टेबल आणि कपाटाच्या कडेला बघा, की भरीव लाकूड आहे की वर विनियर, म्हणजे चांगल्या लाकडाचा पातळ पापुद्रा, बसवलेला आहे. विनियर म्हणजे हलका माल असं आपल्याकडे समजतात, पण या शैलीत उलट आहे. गोल वळणावर अक्रोडाचं किंवा शिसवीचं विनियर बिनसुरकुती बसवणं हे मोठ्या कारागिराचं काम होतं. तेच विनियर मशीनच्या पॉलिशपेपरने दोन मिनिटांत पारदर्शक होतं, म्हणून मी पहिल्याच ओळीत भावाला थांबवलं.

स्क्रूही बघा. एकच सरळ खाच असलेले पितळी किंवा लोखंडी स्क्रू, डोक्यावर गंज सारखा बसलेला, तर चांगलं. चौफुलीच्या खाचेचे स्क्रू दिसले तर त्या जागी नंतर दुरुस्ती झालीय. दुरुस्ती झाली म्हणून वस्तू बाद होत नाही, फक्त ती कुठे झाली ते लिहून ठेवायचं.

रेक्झिनबद्दल भावाला असं सांगा. आत्ताचं फाटकं रेक्झिन बहुतेक दुसरं किंवा तिसरं असेल. आपल्याकडे जुनं काढण्याऐवजी त्यावरच नवं ठोकायची पद्धत होती. त्यामुळे आत मूळ कापडाची एखादी पट्टी, मूळ स्प्रिंगा, काथ्या अजून शिल्लक असण्याची शक्यता असते. ते मूळ कापड म्हणजे सेटचं वय आणि मूळ रंग सांगणारा पुरावा. नव्या रेक्झिनने हजार-दोन हजारांची शोभा येईल आणि तो पुरावा कारागिराच्या कचऱ्यात जाईल.

पॉलिश मुळीच करायचं नाही का? करायचं, पण लाखेचं, हाताने, आणि मूळ थर न काढता. घरी तुम्ही फक्त मऊ कापडाने धूळ पुसा आणि फार तर वर मेण लावा. मेलामाइन आणि पीयू या नव्या रासायनिक पॉलिशांचा काचेसारखा थर लिलावात किंमत खाली आणतो. वाळवी किंवा भुंग्याचा भुसा पडत असेल तर मात्र वाट बघू नका, ती वस्तू बाकीच्यांपासून दूर ठेवा आणि लगेच औषध करून घ्या. त्या कामात कुणी तुम्हाला दोष देणार नाही.

चंदीगडच्या खुर्च्या हा वेगळाच विषय आहे, आणि तिथे मी तुम्हाला आधी सावध करतो.

चंदीगड शहराची आखणी करणारा वास्तुकार ले कॉर्ब्युझिए, त्याचा चुलतभाऊ पिएर जनरे १९५१ मध्ये तिथे आला आणि १९६५ पर्यंत राहिला. नव्या शहरातली कार्यालयं, विद्यापीठ, वसतिगृहं यांच्यासाठी त्याने आणि यूली चौधरींसारख्या त्याच्या भारतीय सहकाऱ्यांनी साग आणि वेत वापरून साधं, भक्कम फर्निचर आखलं. कंपासच्या दोन टोकांसारखे फाकलेले पाय, हीच त्याची ओळख. १९६७ मध्ये जिनिव्हात तो गेला, आणि त्याच्या इच्छेप्रमाणे अस्थी सुखना तलावात आणून सोडल्या, इतका तो त्या गावात रुजला होता. पुढे कार्यालयांत स्टीलचं फर्निचर आलं, आणि या खुर्च्या गच्चीवर ढिगाने पडल्या, मोडीत कवडीमोलाने गेल्या. परदेशी व्यापाऱ्यांनी त्या उचलल्या, दुरुस्त केल्या आणि पॅरिस, लंडन, न्यूयॉर्कच्या लिलावांत लाखांनी विकल्या. आरडाओरड झाल्यावर २०११ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने चंदीगडच्या अशा वारसा वस्तूंच्या विक्रीवर बंदी आणली. तिथल्या यादीत १२,७९३ वस्तूंची नोंद झाली आहे.

तुमच्या दोन खुर्च्यांच्या पाठीच्या किंवा मागच्या पायाच्या बाहेरच्या बाजूला रंगाने काढलेली अक्षरं आणि आकडे आहेत का ते बघा. विद्यापीठाच्या, वाचनालयाच्या किंवा खात्याच्या नावाची आद्याक्षरं अशी रंगवलेली असत. ती असतील तर खुर्ची खरी असण्याची शक्यता वाढते, आणि त्याच क्षणी दुसरा प्रश्न उभा राहतो: सरकारी वस्तू काकांच्या घरी कशी आली? निर्लेखनानंतर, म्हणजे वस्तू दप्तरातून कमी केल्यावर, झालेल्या लिलावाची पावती, भंगार खरेदीचं बिल, विद्यापीठाचं पत्र, यातलं एक तरी हवं. काकांच्या जुन्या फायली बघा. प्राध्यापक माणसं पावत्या जपतात. कागद मिळाला तर सेटपेक्षा या दोन खुर्च्यांनाच जास्त पैसे येऊ शकतात, आणि तिथे काकांची नोकरी, नेमणुकीचं पत्र, त्या खुर्चीत बसलेला एखादा फोटो हे सगळं सोबत जायला हवं. कागद नाही मिळाला तर त्या विकू नका. त्यात बसा, वेत बदलून घ्या, वापरा. काकांच्या सचोटीबद्दल मला शंका नाही, पण कागद नसताना ती शंका दुसऱ्या कुणालातरी येईल, आणि उत्तर द्यायला काका नाहीत.

नक्षी सारखी दिसते म्हणून खूश होणाऱ्यांनाही सांगून ठेवतो. या खुर्चीच्या नकला आज आपल्या देशातच शेकड्याने बनतात. मुळात त्या काळीही वेगवेगळ्या सुतारांनी बनवल्यामुळे दोन खऱ्या खुर्च्या हुबेहूब नसतात. फोटोवरून कुणी छातीठोक ‘खरी’ किंवा ‘खोटी’ म्हणत असेल तर त्याच्याकडे जाऊ नका. मीही फोटोवरून सांगणार नाही.

डिझाइन करणाऱ्याचं नाव आणि वापरणाऱ्याचं नाव दोन्ही मोठी असली म्हणजे काय होतं, याचं उदाहरण आपल्या शेजारीच आहे. इंदूरच्या यशवंतराव होळकर दुसरे यांनी १९३० च्या सुमारास एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुकाराकडून माणिकबाग राजवाडा बांधून घेतला आणि तो युरोपातल्या त्या वेळच्या सगळ्यात पुढारलेल्या डिझाइनरांच्या फर्निचरने सजवला. १९८० मध्ये त्यातलं बरंच काही मोनॅकोत सदबीज या लिलावसंस्थेच्या लिलावात गेलं. आजही त्यातली एखादी खुर्ची कुठे विक्रीला आली की तिच्या वर्णनात माणिकबागेचं नाव येतंच. इंदूर आपल्यापासून सातपुडा आणि विंध्य ओलांडले की आलं. तो सगळा दिवाणखाना इथेच, एका छपराखाली राहिला असता तर, हा विचार मला अनेकदा येतो. म्हणून तुम्हाला कळकळीने सांगतो, विकायचंच असेल तर सोफा, खुर्च्या, टेबल, कपाट एकत्र एकाच लॉटमध्ये, म्हणजे एकाच बोलीत, द्या. व्यापारी पाचही वस्तू वेगळ्या करेल, कारण त्यात त्याचा फायदा. कपाट पुण्याला, सोफा गोव्याला, आणि चोपडीतली नोंद कुणाच्याच उपयोगाची उरणार नाही.

लिलावाचा व्यवहार मी थोडक्यात सांगतो. मुंबईत सॅफ्रनआर्ट, पंडोल्स, अस्तागुरू ही नावं तुम्हाला ऐकायला मिळतील. त्यांना फोटो आणि माहिती पाठवली की ते अंदाजी किंमत सांगतात. ती कमी वाटली तर लगेच रागावू नका, माफक अंदाजाने बोली लावणारे जास्त येतात. तुमचं संरक्षण राखीव किमतीत असतं, त्याखाली वस्तू जात नाही, आणि ती लेखी हवी. करार करण्याआधी विचारा: तुमच्याकडून कमिशन किती, फोटो आणि विमा कुणाचा, वाहतूक कुणाची, वस्तू गेली नाही तर परत आणण्याचा खर्च कुणाचा, मध्येच काढून घेतली तर दंड किती. समजा हातोडा दोन लाखांवर पडला, म्हणजे शेवटची बोली तेवढी झाली, आणि तुमचं कमिशन दहा टक्के ठरलंय. वीस हजार ते, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ३,६००, वाहतूक आणि विमा पंधरा हजार धरा. हातात येतील १,६१,४००. घेणारा त्याच्या बाजूने वेगळा प्रीमियम भरतो, तो लिलाववाल्यांचा. मोठ्या आकड्याच्या बातमीत बहुतेक वेळा तो धरलेला असतो, म्हणून तिच्यावरून आपला हिशेब मांडू नका.

व्यापाऱ्याच्या पंचेचाळीस हजारांबद्दल एवढंच, की तो चंदीगडच्या खुर्च्यांसकट मागतोय. त्याने त्या बघितल्यात.

कायद्याचं. फर्निचर आबांचं होतं, तर ते वाटणी न झालेलं असणार. भावांच्या सह्या पुरत नाहीत, आत्यांची आणि तुमची स्वतःची संमतीही लागते. सगळ्या वारसांची लेखी संमती आधी घ्या, म्हणजे लॉट ऐनवेळी मागे घ्यावा लागत नाही. शंभर वर्षं झालेल्या वस्तूला पुरावशेष कायदा लागू होतो आणि ती देशाबाहेर जाऊ शकत नाही. तुमचा सेट अजून त्या आत आहे, पण शिसवी असेल तर परदेशी पाठवताना वेगळी परवानगी लागते, म्हणून लाकूड कोणतं ते नीट लिहून घ्या. घरच्या वापराचं फर्निचर विकल्यावर सहसा भांडवली नफ्याचा कर लागत नाही, मात्र कलाकृती त्या सवलतीत बसत नाही. तुमचा सेट कशात मोडेल ते सीएकडून आधी लिहून घ्या.

पाठवायचं ते थंडीत. आपल्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर गेला की सांधे सुटतात, सरस सुकतो, वेत तडकतो. त्या अवस्थेत वस्तू मुंबईच्या दमट हवेत नेली की लाकूड फुगतं आणि विनियर उचललं जातं. दिवाळीनंतर पाठवा, गोधड्यांत गुंडाळून. प्लास्टिक थेट लाकडाला लावू नका. कपाटाच्या काचा काढून वेगळ्या, पण कोणती काच कुठली ते लिहून.

बंगईबद्दल तुम्ही काही विचारलं नाही, फक्त यादीत नाव टाकलंय. ती विकू नका. बाजारात बंगया खूप आहेत, आणि व्यापारी ती पितळी कड्यांच्या वजनावर घेतो. तुमच्यापैकी ज्याच्या घरात छताला कड्या ठोकता येतील त्याच्याकडे ती जाऊ द्या.

आणि हे सगळं करण्याआधी, या आठवड्यात, भुसावळला आत्यांकडे जाऊन या. १९४० च्या दशकातला तो दिवाणखाना डोळ्यांनी पाहिलेलं तुमच्या घरात आता दुसरं कुणी नाही. फोनवर रेकॉर्डिंग चालू करा, तारीख आणि जागा सुरुवातीला बोला, आणि त्यांना त्यांच्या पद्धतीने सांगू द्या. आबा कुठल्या खुर्चीत बसायचे, मुलांना सोफ्यावर बसू द्यायचे का, कपाटात काय असायचं, लग्नात सेट कुठे हलवला होता, नेहरूंची गोष्ट त्यांनी कुणाकडून ऐकली. नेहरूंचं नाव तुम्ही आधी काढू नका, त्या काढतात का बघा. जुने लग्नाचे फोटो सोबत न्या, पण शेवटी दाखवा.

त्यांना एक प्रश्न नक्की विचारा: सोफ्याचं पहिलं कापड कुठल्या रंगाचं होतं? तुम्ही कुठलाही रंग सुचवू नका. त्या सांगतील तो लिहून, तारीख घालून, त्यांची सही घ्या. मग सावद्याला परत येऊन सीटच्या खालचे मागच्या कोपऱ्यातले दोन-तीन खिळे हळूच काढा, वरचं रेक्झिन बोटभर उचला आणि आत काय रंग आहे तो बघा. त्याचा फोटो मला पाठवा.